कलती मान

ज्यांचं डोकं मानेच्या खोबणीतून उठतं, कानामागून वर चढतं आणि एका डोळ्याच्या मागे येऊन ठिय्या देतं, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. इतरांनीही वाचावं, फक्त वाचून झाल्यावर "डोकंच तर दुखतं, त्यात काय एवढं" असं म्हणू नये. हे वाक्य मी इतक्या जणांकडून ऐकलं आहे, की आता कुणी म्हटलं तर मी सरळ उठून जाते.

माझं दुखणं जिवावरचं नव्हतं. पण माझं काम जाणार होतं, आणि ते गेलं असतं तर माझं काय उरलं असतं हे मला आजही नीट सांगता येत नाही. डोकं अजून अधूनमधून उठतं. पण ते कुठून येतं हे आता मला माहीत आहे, आणि तेवढ्यानेच अर्धी भीती जाते.

मी शैला. मी गणपतीचे डोळे लावते. नगरला कल्याण रोडला माझ्या वडिलांचा, आप्पांचा, गणपतीचा कारखाना आहे. शहराची पाटी बदलली, आमच्या तोंडातलं नगर काही जात नाही. धाकटा भाऊ विजू साचे बघतो, मूर्ती घडवून घेतो, अंगाला रंगाची गन मारतो. पितांबर, दागिने रंगवायला बाया आहेत. डोळे मात्र घरातल्या एकाच माणसाने लावायचे. आधी आप्पा लावायचे. त्यांचा हात थरथरायला लागला तेव्हा त्यांनी ब्रश विजूच्या नव्हे, माझ्या हातात दिला. तेव्हा माझं लग्न झालेलं होतं. बाकीच्या लेकी दिवाळीला माहेरी येतात, मी सावेडीहून स्कूटीवर रोज सकाळी डबा घेऊन येते. भावजय हसून म्हणते, "ताई, तुमचं सासर कुठलं म्हणायचं?" मीही हसते. पण माहेरातली माझी जागा त्या ब्रशावर आहे हे मला पक्कं ठाऊक आहे.

*

डोळे लावताना आमच्याकडे दोन गोष्टी मोडायच्या नसतात. मूर्तीचं तोंड पूर्वेला हवं, आणि दोन्ही डोळे पुरे होईपर्यंत मूर्ती जागची हलवायची नाही.

आमच्या शेडचं मोठं दार पूर्वेला आहे. त्यातून उजेड सरळ देवाच्या तोंडावर येतो. समोर बसलं तर आपलीच सावली त्याच्यावर पडते. म्हणून स्टूल बाजूला टाकायचं, अंग सरळ ठेवायचं, मान उजवीकडे वळवायची, जराशी कलती करायची आणि श्वास रोखून रेघ ओढायची. वरची पापणी, खालची पापणी, बुबुळ, आणि शेवटी बुबुळातला पांढरा ठिपका. तो ठिपका पडेपर्यंत मूर्ती बघत नाही. एक झाली की दुसरी, उजेड आहे तोवर.

ट्यूब लावून समोर का बसत नाही, असं कुणालाही वाटेल. विजूलाही वाटायचं. आप्पा त्याला एकच उत्तर द्यायचे. "ट्यूबच्या उजेडात क्येलेला डोळा गिऱ्हाइकाच्या घरी गेला की फिरतो. आन् देवाला फिरवायचं न्हाई. आपन फिरायचं."

तर आप्पांची मान उजवीकडे कलती आहे. आजोबांची होती, भिंतीवरच्या फोटोत दिसते. लहानपणापासून आप्पांच्या बाजूला बसून फुटक्या मूर्तींवर हात बसवताना माझीही तशीच झाली. पेठेत आम्हाला मानेवरून ओळखतात. एका मंडळाने आप्पांचा सत्कार केला तेव्हा भाषण करणारे गृहस्थ म्हणाले, "ही मान कलेपुढे झुकलेली आहे," आणि जोरात टाळ्या पडल्या. मला बघायला सासरची मंडळी आली, तेव्हा सासूबाई घरी जाऊन म्हणाल्या होत्या, मुलगी मान कलती करून बघते, सालस दिसते. तो गैरसमज पुढे महिनाभरात मीच दूर केला. सांगायचं एवढंच, की मान हे आमच्या घराचं भूषण होतं. ते दुखत असेल असं कुणाच्या मनात येणार?

*

दुखणं डोळ्यात होतं, म्हणून आम्ही सगळे डोळ्याच्या मागे लागलो. अक्षय्य तृतीयेनंतर कामाला जोर येतो. दुपारपर्यंत बरं असायचं, मग उजव्या डोळ्याच्या मागे कुणी अंगठा दाबून धरल्यासारखं व्हायचं. चष्मा काढला. त्याने फरक पडेना म्हणून दुसऱ्या डॉक्टरांकडून दुसरा काढला. सासूबाईंचं मत वेगळं पडलं. "देवाचे डोळे लावतीस, कुनाची तरी नजर लागली आसंल." त्यांनी मीठ-मोहऱ्या ओवाळून तव्यावर टाकल्या. घरभर ठसका उठला, डोकं होतं तिथेच.

मग शेजारच्या काकूंनी अर्धशिशीवरचा उपाय सांगितला. सूर्य उगवायच्या आत गरम दुधात जिलबी खायची. त्या वेळी कुठलं दुकान उघडं असणार, म्हणून माझे मिस्टर आदल्या संध्याकाळी जिलबी आणून ठेवायचे. मी तोंड वाकडं करत खायची आणि उरलेली ते आनंदाने संपवायचे. त्या उपायाने आमच्या घरात एकाच माणसाची तब्येत सुधारली, ती त्यांची.

गोळ्या सुरू झाल्या त्या कधी संपल्याच नाहीत. पण दुखण्यापेक्षा वाईट होती ती तगमग. बसवत नव्हतं, निजवत नव्हतं. उशी जाड करायची, पातळ करायची, फेकून द्यायची. कुकरची शिट्टी झाली तरी मी किंचाळायची. टीव्हीचा आवाज बारीक करा, पंखा बंद करा, पंखा लावा. घरातली माणसं माझ्याभोवती चवड्यावर चालायला लागली, आणि ती तशी चालतात याचाही मला राग यायचा.

त्या वर्षी चतुर्थीच्या आधी कर्जतच्या एक बाई आपली मूर्ती न्यायला आल्या. त्यांच्या घरी वर्षानुवर्षं आमच्याच हातचा गणपती बसतो. त्यांनी मूर्तीवरचा रुमाल बाजूला केला, बराच वेळ बघितलं, इकडून बघितलं, तिकडून बघितलं. मग मला हळूच म्हणाल्या, "ताई, औंदा बाप्पा आमच्याकडं बघंना वो."

मी पाहिलं. डावं बुबुळ किंचित बाहेर गेलेलं होतं. मी तिथल्या तिथे ते पुसून पुन्हा लावलं. बाई समाधानाने गेल्या, जाताना त्यांनी माझ्या हातावर साखर ठेवली. पण विजूने ऐकलं होतं. विसर्जन झाल्यावर एक दिवस तो चहा पिताना म्हणाला, "ताई, पुढल्या साली पेणचा एखादा कारागीर बघू का? तुला तेवढाच आराम." तो प्रेमाने बोलला, हे कबूल करते. प्रेमाने बोलला म्हणूनच मला त्याच्याशी भांडता येईना. घरी येऊन मी ओट्यापाशी उभी राहून रडले. कारखान्यात माझ्या स्टुलावर दुसरं कुणी बसलेलं मला बघवलं नसतं.

*

दिवाळी झाली, पुढची घडाई सुरू झाली, तरी डोकं थांबेना. तेव्हा मेंदूच्या डॉक्टरांना दाखवलं आणि डोक्याचा फोटो काढायचं ठरलं. फोटो म्हणजे स्कॅन. आठवडाभर मी कुणाला काही बोलले नाही, पण मनात एकच शब्द होता, गाठ. स्वयंपाकघरातले डबे मी नीट लावून ठेवले आणि कशात काय आहे ते सासूबाईंना सहज म्हणून दाखवून ठेवलं. त्या म्हणाल्या, "मला काय आज कळतंय व्हय?" मी पुढचा डबा उघडला.

स्कॅनच्या त्या पोकळीत हलायचं नाही म्हणून सांगतात. मला आयुष्यात कुणी एवढी कठीण गोष्ट सांगितली नव्हती. नाकाला खाज, पायाला मुंग्या, आणि डोळ्यापुढे लावायचे राहिलेले डोळे.

रिपोर्ट नॉर्मल आला. मिस्टरांचा चेहरा एकदम उजळला. बाहेर आल्यावर ते मला रसवंतीत घेऊन गेले, उसाचा रस मागवला आणि म्हणाले, "चला, काही निघालं नाही."

गाठ नाही म्हणून मलाही हायसं वाटलं होतं. पण ते "काही निघालं नाही" ऐकलं आणि मी ग्लास खाली ठेवला. "काही नाही, मग दुखतंय काय?" मी विचारलं. ते म्हणाले, "टेन्शन असेल. तू जिवाला फार लावून घेतेस." रसवंतीतल्या लोकांसमोर मी त्यांना नको ते बोलले. रिक्षात आम्ही दोघं दोन दिशांना बघत होतो. आता वाटतं, तेही इतके महिने घाबरलेलेच होते, आणि त्यांना एकदाचं सुटल्यासारखं झालं होतं. पण त्या दिवशी मला ते दिसलं नाही. ज्यांचा रिपोर्ट नॉर्मल येतो आणि दुखणं तसंच राहतं, त्यांनाच कळेल की तो कागद हातात घेऊन किती एकटं वाटतं.

एक उपकार मात्र त्या मेंदूच्या डॉक्टरांनी केला. रिपोर्ट दाखवायला गेलो तेव्हा तो बाजूला ठेवून त्यांनी माझं डोकं दोन्ही हातांत धरलं आणि डावीकडे वळवलं. ते अर्ध्यात अडलं. "मान कधीपासून वळत नाही?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "वळते की." वळत नव्हती. स्कूटीवर डावीकडचं बघायला मी अख्खं अंग वळवत होते आणि मला त्याचा पत्ताच नव्हता. त्यांनी फिजिओथेरपीला जायला सांगितलं.

*

सायली मॅडम मूळच्या संगमनेरच्या, वयाने माझ्यापेक्षा बऱ्याच लहान. सावेडीतच त्यांचं क्लिनिक आहे. दोन पलंग, मध्ये हिरवा पडदा. मला वाटलं होतं शेक देतील, मशीन लावतील, पाठवून देतील. त्यांनी आधी खूप विचारलं. चक्कर येते का, हाताला मुंग्या येतात का, कधी पडलात का, गिळताना त्रास होतो का. मग मला उताणं निजवलं, उशाशी बसल्या आणि दोन्ही हातांची बोटं माझ्या कवटीच्या खाली, मानेच्या वरच्या मणक्यांशी सरकवली. उजवीकडे एका जागी त्या थांबल्या आणि हळूहळू दाबायला लागल्या.

डोळ्याच्या मागे अंगठा दाबला गेला. तोच. इतके महिने ज्याला मी ओळखत होते तोच.

"कुठे लागतंय?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही दाबताय तिथं. आणि डोळ्यात."

"ही तुमची नेहमीचीच डोकेदुखी आहे का? का वेगळी?"

"हीच," मी म्हटलं. "हीच आहे ती."

त्यांनी बोटं काढली नाहीत. तशीच धरून ठेवली. "श्वास सोडा. थांबा जरा," म्हणाल्या. आणि डोळ्यामागचा तो अंगठा सैल पडायला लागला. आधी टोक गेलं, मग दाब. मी पडल्या पडल्या रडायला लागले, पाणी कानात गेलं. दुखलं म्हणून नव्हे. ज्या दुखण्याला कुणी जागाच द्यायला तयार नव्हतं, त्याच्यावर एका माणसाने बाहेरून बोट ठेवलं होतं.

मिस्टर पायाशी उभे होते. मॅडमनी त्यांना सोप्या शब्दांत सांगितलं, की मानेच्या वरच्या सांध्यांचं दुखणं डोक्यात जाणवतं, कारण तिथल्या आणि डोक्याच्या नसांची वाट एकच आहे. स्कॅन बरोबरच आहे, त्यात हे दिसत नाही.  बाहेर आल्यावर मिस्टरांनी माझी पर्स आपल्या खांद्याला अडकवली आणि भर रस्त्यात तशीच स्कूटीपर्यंत नेली. माफी मागायची त्यांची ही रीत आहे, आणि मला ती चालते.

*

मग जाणं-येणं सुरू झालं. ज्यांना ही उपचारपद्धत माहीत नाही त्यांना सांगते, यात बघण्यासारखं काही नसतं. मॅडमची बोटं सांध्यावर ठेवलेली असतात, बाहेरून हललेलीसुद्धा दिसत नाहीत. आत कुठे तरी तांदळाच्या दाण्याएवढं काही सरकतं, परत येतं, सरकतं. मला वाटायचं एकदा जोरात कट् करावं आणि मोकळं व्हावं. विजूच्या ओळखीचा एक सलूनवाला दाढी झाल्यावर मान मोडून देतो, तिथे जाऊ का, असं मी विचारलं तेव्हा मॅडमचा आवाज पहिल्यांदा चढला. "मुळीच नाही. मान अशी कुणाच्याही हातात द्यायची नसते." हे तुम्हीही ऐकून ठेवा. आधी डॉक्टरांना दाखवा, मग शिकलेल्या हातात द्या.

मला पडून राहता येत नव्हतं, ही खरी अडचण होती. मी बोलायची, पाय हलवायची, छताच्या पंख्याची पाती मोजायची. पडद्यापलीकडे मार्केट यार्डातले एक कांद्याचे आडतदार, गव्हाणे काका, खांदा आखडला म्हणून यायचे. त्यांना माझा वैताग ऐकू जायचा. एकदा ते पलीकडून म्हणाले, "ताई, कांदा आन् मान, घाई केली की दोन्ही नासत्यात." मला इतकं हसू आलं की मॅडमना हात काढून घ्यावे लागले. त्या खोलीत हसायला मिळायचं, हेही लिहून ठेवायला हवं.

घरी करायचे व्यायाम तर चेष्टा वाटावी इतके बारीक. उताणं पडून "हो" म्हणायचं, म्हणजे हनुवटी किंचित आत घ्यायची आणि धरायची. भिंतीला पाठ लावून तेच. सासूबाई विचारायच्या, "कुनाला हो म्हनतीस?" मी म्हणायची, "तुम्हालाच." त्यांना ते आवडायचं.

डोकं उतरायला लागलं. पहिल्यांदा एक अख्खी दुपार कोरी गेली तेव्हा मी कुणाला सांगितलं नाही, माझीच नजर लागेल म्हणून. पण गंमत अशी, की सुट्टीनंतर मान मऊ असायची आणि कारखान्यात चार दिवस गेले की पुन्हा दगड. मॅडम सोडवायच्या, मी पुन्हा बांधून आणायची. उन्हाळा संपत आला, कामं वाढली, आणि मी पुन्हा गोळीकडे वळले. मॅडमना ते मानेवरूनच कळलं.

"तुम्ही काम करता तरी कसं? दाखवा मला," त्या म्हणाल्या.

मी त्यांच्या टेबलावर पाण्याची बाटली गणपती म्हणून ठेवली, बाजूला स्टूल घेतलं, मान वळवली, कलती केली. त्या बघतच राहिल्या. "असं दिवसभर?"

"सीझनमध्ये हो."

त्यांनी बाटली उचलली आणि माझ्यासमोर ठेवली. "हिला फिरवा. नाही तर मी वर्षभर दाबत बसेन आणि तुम्ही वर्षभर येत राहाल. एवढंच उरलंय आता."

मी म्हटलं, "मॅडम, तेवढंच होणार नाही."

*

आप्पांना विचारायला मी धीर गोळा केला. ते शेडमध्ये खुर्चीवर बसून असतात, काम करत नाहीत, पण सगळं बघतात. मी त्यांना मॅडमचं म्हणणं सांगितलं. मूर्ती थोडी उत्तरेला वळवली, की उजेड बाजूने पडेल आणि मला सरळ बसता येईल.

आप्पा रागावले नाहीत. तेच कठीण होतं. "माझ्या बापानं फिरवला न्हाई, मी फिरवला न्हाई," ते म्हणाले. "तुला जमत नसंल तर ऱ्हाऊ दे. विजू बघंल कुनाला तरी."

"आप्पा, मला जमतंय. मानेला जमत नाही."

"मान काय आमाला न्हवती?"

 मी ब्रश धुतले, फडक्यात गुंडाळले, त्यांच्या बाजूच्या फळीवर ठेवले आणि घरी आले. दुसऱ्या दिवशी गेले नाही. तिसऱ्याही दिवशी गेले नाही.

ते दिवस मला आजारातले सगळ्यात वाईट वाटतात, आणि डोकं तेव्हा जवळजवळ दुखत नव्हतं. मी घरभर फिरत होते. खिडक्या पुसल्या, पंखे पुसले, पुसलेले पुन्हा पुसले. फोन वाजला की धावायची, आणि तो कारखान्याचा नसला की चिडायची. भुवयांच्या पेन्सिलीने मी जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर डोळे काढत बसायची. मिस्टर म्हणाले, "बरी झालीस ना? मग आता राहू दे ते काम."  डोळे लावायचे नसतील तर बरी कशासाठी झाले, हे त्यांना कसं सांगायचं ते कळेना. आषाढ तसाच गेला. भावजयीकडून कळलं की विजूने पेणला कुणाशी तरी बोलणी केली आहेत.

श्रावणात एका सकाळी आप्पांचा फोन आला. त्यांना फोन लावता येत नाही, कुणी तरी लावून दिला असणार. "ये," ते म्हणाले. "मोठे गनपती थांबल्यात." एवढंच बोलून त्यांनी फोन दुसऱ्या कुणाच्या हातात दिला.

*

मी गेले. माझं स्टूल होतं तिथेच होतं, फळीवर ब्रश तसेच गुंडाळलेले. मूर्ती पूर्वेला तोंड करून मांडलेली. म्हणजे आप्पांनी बोलावलं होतं, पण जुन्याच रीतीवर. पेणच्या कारागिराचं काही जमलं नव्हतं. विजू दारात उभा होता, माझ्याकडे बघायचं टाळत होता. मी स्टुलावर बसले. मनात म्हटलं, एवढ्या मूर्ती करून टाकू, पुढचं पुढे.

मान वळवली, कलती केली, काळ्या रंगात ब्रश बुडवला. वरच्या पापणीची रेघ अर्ध्यावर आली आणि मानेत चमक निघून सरळ डोळ्यात गेली. हात हलला नाही, पण पुढे जाईना. मी ब्रश खाली ठेवला, मॅडमनी शिकवलं होतं तशी दोन बोटं कवटीच्या खाली लावली, डोळे मिटले आणि थांबले.

"कुठं धरतीस?" आप्पांचा आवाज आला.

मी डोळे उघडले. ते खुर्चीतून पुढे वाकून बघत होते. "इथं," मी म्हटलं. "कानाच्या मागं, जरा खाली. इथून दाबलं की डोळ्यातलं कमी होतं."

आप्पांनी आपला थरथरता हात उचलला. दोन बोटं आपल्या मानेवर फिरवली, चाचपली, आणि ती एका जागी थांबली. त्यांनी दाबलं. त्यांचा उजवा डोळा बारीक झाला, तोंड किंचित उघडं राहिलं. बराच वेळ त्यांनी बोटं काढली नाहीत.

"हितनं डोळ्यात जातंय व्हय?" त्यांनी विचारलं.

"हो आप्पा."

"उजव्याच."

"हो."

शेडमधल्या बाया काम थांबवून बघत होत्या. विजू आत आला. आप्पा मानेवरचा हात तसाच ठेवून दाराच्या उजेडाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "मला वाटायचं, समद्यांचंच दुखतं."

 या माणसाने जन्मभर हे अंगावर काढलं होतं. घरात कुणाला कधी कळलं नाही, आणि आम्ही त्या मानेसाठी टाळ्या वाजवत होतो. मला भयंकर राग आला, आणि तो कुणावर काढायचा ते समजेना. "उद्या माझ्याबरोबर चला," मी म्हटलं, "मॅडमकडे." 

"जाऊ. आधी ह्ये डोळे व्हऊ देत."

मी ब्रश उचलला आणि पुन्हा मान वळवायला लागले. आप्पा खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उठले. विजू पुढे झाला, त्याला त्यांनी हाताने बाजूला केलं. मूर्ती ठेवलेल्या पाटापाशी येऊन ते वाकले आणि त्यांनी पाटाची एक कड दोन्ही हातांनी धरली. त्यांचे हात लटलट कापत होते.

"बघत काय बसलीस," ते म्हणाले. "तिकडनं धर. जरा उत्तरंला घेऊ."